पिवळ्या बांबूचं बेट कायमचं काढायचंय, कोणतं औषध टाकू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात बंगल्याचा प्लॉट, १२ वर्षांपूर्वी आडोसा हवा म्हणून कंपाउंडच्या भिंतीला लागून पिवळ्या बांबूची ३ रोपं लावली, आता त्यांची तीन मोठी बेटं झालीत, भिंतीला तडा जाऊन ती शेजाऱ्यांच्या बाजूला कललीये, पाला त्यांच्या गच्चीवर पडतो म्हणून रोजची बोलाचाली, दोनदा "मुळापासून" छाटून घेतला तरी पावसाळ्यात परत वर आला. माळी म्हणतात मीठ आणि डिझेल ओता. सासूबाई म्हणतात वेळू जाळायचा नाही. आणि तुम्ही विचारताय की असं कोणतं औषध आहे जे टाकलं की हा मुळासकट मरेल.

औषधाचं खाली सांगतो, पण तुमची खरी अडचण औषधाची नाहीये. दोन्ही वेळा बांबू मुळापासून छाटला असं तुम्ही लिहिलंय, तो जमिनीलगत छाटला असणार. मुळापासून काढलेला बांबू परत येत नाही. मी गेली २२ वर्षं पुण्यात बागांची कामं घेतो आणि मूळ गाव कुडाळकडचं, त्यामुळे माणगा बांबूच्या बेटात लहानाचा मोठा झालो, तरी सुरुवातीला मीही वरचीच काठी म्हणजे बांबू असं समजायचो. बांबू हे गवत आहे. वर दिसते ती काठी म्हणजे त्याचं पान-फांदी समजा, खरा जीव खाली कंदात असतो, आणि सगळा साठाही तिथेच. वर्षभर पानं जे अन्न बनवतात ते कंदात जाऊन बसतं आणि पहिला दमदार पाऊस झाला की त्याच साठ्यावर नवीन कोंब सरसर वर जातो, स्वतःचं एकही पान नसताना दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. तुम्ही वरचं छाटलंत तेव्हा खालचा साठा तसाच होता, म्हणून तो परत आला.

म्हणजे मार्ग दोनच उरतात. एकतर कंद खणून बाहेर काढायचा, नाहीतर त्याला उपाशी ठेवायचं. कुठला धरायचा हे जागेवर, भिंतीवर, खिशावर आणि तुम्हाला किती धीर आहे त्यावर ठरतं, तिकडे येतोच. त्याआधी एक गोष्ट बघून घ्या, तुमचा बांबू बेटाचाच आहे ना. पिवळी काठी, तिच्यावर ब्रशने ओढल्यासारखे हिरवे पट्टे, आणि सगळ्या काठ्या एका गठ्ठ्यात, असं असेल तर तो बेटाचा. आपल्याकडचे मेस, माणगा, कळक, चिवा सगळे बेटानेच वाढतात, दरवर्षी घेर थोडा थोडा वाढत जातो, पण एकदम दहा फुटांवर जाऊन उगवत नाहीत. पळणारा बांबू वेगळा, त्याचा कंद जमिनीखालून दोरीसारखा लांब धावतो आणि लॉनच्या मध्येच काठी येते. तो थंड हवेच्या देशांत फार, आपल्याकडे क्वचित एखाद्या नर्सरीतून शोभेचा म्हणून आलेला. हे सांगायचं कारण, इंटरनेटवर जे व्हिडिओ बघून लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडमधले, पळत्या बांबूचे असतात. चर खणा, जाड प्लास्टिकचा पडदा उभा पुरा वगैरे. तुमच्या बेटाला त्याचा काही उपयोग नाही, उगाच पैसे जातील. (माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्या कुंपणाखालून शेजाऱ्यांचा बांबू आला तेव्हा मात्र तिला मी चर आणि पडदाच सांगितला, तिथे तोच उपाय बरोबर.)

आता मीठ आणि डिझेल. कृपा करून हे करू नका. मीठ ओतलं तर कंद मरायच्या आधी माती मरते, तिथे पुढे काही नीट लागत नाही आणि पावसात ते शेजाऱ्यांच्या बागेत उतरतं, तुमचे संबंध आधीच ताणलेत. डिझेल, रॉकेल, ॲसिड, सगळ्यांचं तेच. जवळ बोअर किंवा विहीर असेल तर विचारच नको. तणनाशकाचं म्हणाल तर लोक ग्लायफोसेट सांगतात, पण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असं बंधन घातलंय, त्यामुळे दुकानातून आणून स्वतः शिंपडायची ती वस्तू नाही. आणि बंधन नसतं तरी १२ वर्षांच्या बेटावर त्याचा भरवसा मी दिला नसता. औषध आत जायला हिरवं पान किंवा ताजा काप लागतो, बेटात शेकडो कंद एकमेकांना चिकटलेले, काही पोचतं, काही पोचत नाही, जे वाचतात ते पुढच्या वर्षी कोंब काढतात. जवळची तगर, जास्वंद मात्र जाते.

आता कामाचं. कंद प्रत्यक्षात कसा असतो ते समजलं तर निम्मं काम सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बेटाच्या अगदी बाहेरच्या अंगाची एक काठी निवडा, तिच्या बुडाशी दीड फूट माती बाजूला करा. आधी बारीक मुळांचं दाट जाळं लागेल, नारळाच्या काथ्यासारखं, ते कुदळीने तोडा. मग दिसेल आल्याच्या मोठ्या गड्ड्यासारखा वाकलेला एक ठोकळा, अंगावर जवळजवळ कडी, कड्यांवर वाळलेल्या सालपटांचे अवशेष, आणि दोन्ही कडांना फुगीर डोळे. ते डोळे म्हणजे पुढचे कोंब. आता तो ठोकळा मागच्या, म्हणजे आईच्या कंदाला जिथे जोडलेला असतो तिथे बघा, तिथे तो एकदम बारीक होतो. आम्ही त्याला मान म्हणतो. मान भरीव असते पण अरुंद, आणि तिच्यावर डोळा नसतो. पहारीचं धारेचं टोक बरोबर त्या मानेवर दोन-तीनदा मारलं की कड् असा आवाज येतो आणि काठीसकट अख्खा कंद सुटा होतो. मग तो उचलायचा. हेच नवीन मजूर भलत्या ठिकाणी करतात, ठोकळ्याच्याच मध्यात घाव घालत बसतात, तिथे लाकूड लोखंडासारखं असतं, पहार उसळते, हाताला झिणझिण्या येतात आणि दुपारपर्यंत माणूस वैतागून म्हणतो साहेब जेसीबी बोलवा.

म्हणूनच काठ्या पहिल्या दिवशी जमिनीलगत छाटू नका. छातीएवढ्या, म्हणजे साधारण ३-४ फूट ठेवून वरचा भाग काढा. ते खुंट तरफेसारखे वापरायचेत. मान तोडली की खुंट धरून हलवायचा, दोघांनी दाबायचा, कंद आपोआप वर येतो. जमिनीलगत कापलेल्या बेटाला धरायला काही उरत नाही, आणि तुमच्याकडे दोनदा तसंच कापलंय, त्यामुळे मधले जुने खुंट कामाचे नाहीत, पण त्यानंतर आलेल्या काठ्या बाहेरच्या अंगाला असतील त्या चालतील.

बाहेरून आत जायचं याला अजून एक कारण आहे. नवे कोंब बहुतेक १-२ वर्षांच्या कंदातून येतात आणि तो तरुण कंद बेटाच्या कडेला असतो. मधला भाग जुना, त्यातले डोळे बरेचसे थकलेले. त्यामुळे समजा पैसे किंवा माणसं कमी पडली आणि नुसतं बाहेरचं कडं पूर्ण निघालं तरी बेटाची ताकद मोडते, मधलं खोड आतल्या आत कुजत जातं. मध्ये धक्का लागला की एखादा झोपलेला डोळा जागा होतो, तेवढं लक्ष ठेवायचं. पाच-सहा फूट घेराच्या एका बेटाला माझ्याकडची तीन माणसं दोन दिवस घेतात, माती मऊ असेल तर. मुरूम असेल तर तीन दिवस धरा.

जेसीबीबद्दल. गेट मोठं असेल, भिंत लांब असेल तर जेसीबी झकास काम करतो, नाही म्हणत नाही. पण माझा एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्यात मी बेट जेसीबीने उपटलं, अर्ध्या दिवसात मैदान साफ, मालक खूश, मीही खूश. बकेटने कंद फुटून त्याचे तुकडे मातीत मिसळले होते आणि तीच माती आम्ही पार्किंगच्या भरावाला पसरली. पुढच्या आषाढात पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक उचलत १४ कोंब आले. एका बेटाची चौदा रोपं मीच करून दिली. पेव्हर काढून परत बसवायचा सगळा खर्च मी सोसला. तेव्हापासून जेसीबी लावला तरी मागून दोन माणसं घमेली घेऊन असतात, डोळा असलेला प्रत्येक तुकडा वेचला जातो, आणि ती माती त्याच खड्ड्यात जाते, दुसरीकडे कुठेही नाही. जेसीबीच्या आधी पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि केबल कुठून गेलीये ते विचारून घ्या, बांबूची मुळं ओलीकडे जातात त्यामुळे पाइप हमखास त्यातच गुंतलेला सापडतो.

पण तुमच्या जागी मी भिंतीच्या बाजूला जेसीबी लावणार नाही. भिंत कललीये. कंद गेली १२ वर्षं तिच्या पायाला ढकलतोय आणि आज कदाचित तोच तिला टेकूही देतोय. बेट ओढून काढलं आणि तीन फूट खोल खड्डा उघडा राहिला, त्यात पाऊस झाला, तर भिंत कुठल्या बाजूला येईल सांगता येत नाही. म्हणून आधी गवंड्याला दाखवा, दोन्ही बाजूंनी टेकू लावायचा का ते तो सांगेल. मग आपल्या आतल्या बाजूने बेट काढत यायचं, भिंतीला चिकटलेली शेवटची फूटभर पट्टी सगळ्यात शेवटी, तीन-चार फुटांच्या तुकड्यात. एक तुकडा काढला की लगेच मुरूम भरून, पाणी मारून, धुमसून घ्यायचा, मगच पुढचा. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता मला दिसत नाही. भिंतीच्या पायाखालीच घुसलेले कंद असतील तर ते उकरू नका, त्यांना उपाशी मारायचं.

आता ते उपाशी मारणं कसं. वर म्हटलं तसं कोंब साठ्यावर वाढतो आणि पानं फुटली की साठा परत भरायला लागतो. म्हणजे साठा सगळ्यात कमी कधी, तर कोंब उंच गेलाय पण अजून फांद्या-पानं उघडली नाहीत तेव्हा. त्याच वेळी तोडला तर कंदाचा खर्च पूर्ण झालेला आणि जमा शून्य. हिशेबाने कोंब सहा-आठ फूट होऊ द्यावा आणि मग तोडावा. पण घरच्या माणसाला मी हे सांगत नाही, कारण लग्नकार्य, गावाला जाणं, आजारपण, आणि पंधरा दिवसांनी बघावं तर कोंब पहिल्या मजल्याच्या खिडकीत. त्यापेक्षा दर रविवारी एक फेरी, कोंब कंबरेएवढा व्हायच्या आतच जे दिसेल ते कोयत्याने काढायचं. पहिल्या जोरदार कोंबांनंतर गवतासारख्या बारीक पानांच्या फुटी येतात, लोकांना वाटतं हे काय करणार, राहू दे. त्याच फुटी कंदाला जेवू घालतात. एकही हिरवं पान ठेवायचं नाही. दोन पावसाळे असं नेमाने केलं तर बेट थकतं, कधी तिसराही लागतो, मध्ये एक पावसाळा चुकला तर मोजणी पहिल्यापासून.

या पद्धतीत मात्र काठ्या जमिनीलगतच कापायच्या आणि काप गाठीच्या लगेच वर द्यायचा. मधल्या पेरात कापला की पेला तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. तुमच्या जुन्या खुंटांमध्ये आत्ताच डोकावून बघा, पाणी असेल तर ते फोडून टाका किंवा मातीने भरा. हे आजच करा, बाकीचं सगळं नंतर केलं तरी चालेल.

तुम्ही प्रश्न टाकलाय श्रावणाच्या तोंडावर, तर माझ्या हिशेबाने तुमचं काम असं लागेल. आत्ता पावसात खणायचं नाही, भिंतीचा धोका आहे. आत्ता फक्त रविवारच्या फेऱ्या, नवीन कोंब एकही वर जाऊ द्यायचा नाही, आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर झुकलेल्या काठ्या तेवढ्या काढून घ्या म्हणजे त्यांचाही जीव शांत होईल. मग दिवाळी झाली की खणायला घ्या, तेव्हा जमिनीत ओल असते पण चिखल नसतो. लांबलं तर फार तर माघापर्यंत. उन्हाळ्यात माती दगड होते, तेव्हा करायचंच झालं तर दोन दिवस आधी पाणी सोडून ठेवा. आणि खणून झालं तरी पुढचा पावसाळा फेऱ्या चालू, चुकलेले तुकडे कोंब काढून स्वतःच जागा दाखवतात, लहान असतानाच कंदासकट उपटले की संपलं.

तोडताना काळजी घ्यायच्या दोन-चार गोष्टी आहेत, त्या प्लीज हलक्यात घेऊ नका. बेटाच्या बुडाशी पाचोळ्याचा ढीग असतो, त्यात उंदीर आणि उंदरांमागे साप. आधी लांब काठीने तो ढीग हलवा, लांब दाताळ्याने ओढा, हात घालू नका, गमबूट हवाच. कोकणात, घाटात बांबूच्या पाल्यात हिरवा चापडा हा विषारी साप असतो, तो फांदीवर इतका बेमालूम बसतो की फूटभरावरून दिसत नाही, माझ्या वडिलांना तो चावलेला मी बघितलाय, हात आठवडाभर सुजून होता. कोंबावरच्या सालीला बारीक कूस असते, ती अंगात घुसली की दिवसभर आग होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. वरून विजेची तार जात असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या, ओला बांबू तारेवर पडला तर धरणाऱ्याला झटका बसतो. उंच काठी वर शेजारच्या काठ्यांत अडकलेली असते, बुडाशी कापली तरी पडत नाही, ताणलेली असते आणि सुटली की फटकन उसळते, म्हणून आधी दोर बांधा आणि समोर उभं राहू नका. हे वाचून जमणार नाही असं वाटलं तर वरची तोडणी माहितगार माणसाला द्या. कुणाकडे काटेरी कळक असेल तर त्यांनी तर स्वतः हात लावूच नये, त्याच्या खालच्या फांद्यांचं काटेरी जाळं अंगावर आलं की माणूस आत अडकतो.

परवानगीचं पण बरेच जण विचारतात. भारतीय वन अधिनियम १९२७ मधल्या झाडाच्या व्याख्येतून २०१७ साली बांबू वगळला, त्यामुळे खाजगी जागेतल्या बांबूला वनखात्याचा परवाना लागत नाही. तरी महापालिकेच्या हद्दीत आहात तर उद्यान विभागात एकदा विचारून घ्या, शेजाऱ्याशी वाद आहे म्हटल्यावर हातात एक कागद असलेला बरा.

आता सासूबाईंचं. त्या म्हणतात ते मी माझ्या आजीकडूनही ऐकलंय, वेळू म्हणजे वंश, चुलीत घालू नये. त्यांचा शब्द ठेवा, जाळायची गरजच नाही आणि जाळूही नये, कारण बंद पेरातली हवा तापली की ती फटाक्यासारखी फुटते आणि निखारे उडतात. मंडपवाले, भाजीचे मळेवाले सरळ काठ्या घेऊन जातात, दुधी-कारल्याच्या मांडवाला चालतात. बुरुडांना विचारून बघा, पण पिवळ्याच्या कामट्या नीट निघत नाहीत आणि त्याला भुंगा लवकर लागतो, पिठासारखी भुकटी गळायला लागते, त्यामुळे ते फारसा घेत नाहीत. एक-दोन चांगल्या सरळ काठ्या गुढीसाठी ठेवा, त्यांना बरं वाटेल. पण एक लक्षात असू द्या, हिरव्या काठीचे तुकडे ओल्या जमिनीवर किंवा ओढ्याकाठी टाकू नका. पिवळा बांबू गाठीपासून फार सहज मुळं धरतो, मी कुंपणाला रोवलेल्या मेखांना पालवी फुटलेली बघितलीये. सिमेंटवर उन्हात महिनाभर कडक वाळवा, मगच कुठे द्यायच्या त्या द्या. कोंबाची भाजी करायची असेल तर पिवळ्याचे कोंब कडू असतात, मी घरी करत नाही, आणि कुठलाही कोंब उकळून पाणी टाकल्याशिवाय खायचा नाही, कच्च्यात विषारी अंश असतो.

खड्डा भरल्यावर लगेच फरशी किंवा पेव्हर बसवू नका. खाली राहिलेली मुळं कुजतात आणि जमीन वर्षभरात बसते, माझ्याकडे तर एके ठिकाणी अर्धा फूट बसली. कुजक्या कंदाला वाळवी लागते, घर जवळ असेल तर महिन्यातून एकदा त्या बाजूचा पाया बघत जा. एक पावसाळा माती तशीच राहू द्या, वर भर टाका, मग आडोशाला कामिनी नाहीतर तगर लावा, तीन-चार वर्षांत डोक्याएवढी होते आणि मुळं भिंत ढकलत नाहीत. भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून लावा.

तुमच्या भिंतीचा तडा आणि बेटाच्या बुडाचा, असे दोन फोटो टाका. तडा खाली रुंद आहे की वर, त्यावरून कंद पायाखाली गेलाय का ते बऱ्यापैकी कळतं, मग टेकू कुठे लावायचा ते सांगता येईल.